शून्य काम

आठवीत असताना विज्ञानाच्या तासाला सरांनी मला पुढे बोलावलं. टेबलावर तपासायला आलेल्या वह्यांचा गठ्ठा होता. कोपरं अंगाशी, हात काटकोनात पुढे, असं मला उभं केलं, गठ्ठा हातांवर ठेवला आणि म्हणाले, "धर." मग फळ्याकडे वळून शिकवायला लागले. दोन मिनिटं काही वाटलं नाही. पाचव्या मिनिटाला मनगटं थरथरायला लागली. दहाव्या मिनिटाला दंडापासून बोटांपर्यंत नुसती आग. तेव्हा कुठे त्यांनी वळून विचारलं, "किती काम केलंस?"

"खूप," मी म्हणाले.

"शून्य," सर म्हणाले, आणि वर्ग खो खो हसला.

माझी उंची तेव्हा चार फूट नऊ इंच होती. त्याच आठवड्यात सगळ्यांना भिंतीला पाठ लावून उभं करून खडूने खुणा केल्या होत्या, म्हणून आकडा लक्षात राहिला. सरांचं सूत्र वहीत उतरवून घेतलं: कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन. विस्थापन शून्य, म्हणून कार्य शून्य. परीक्षेत त्यावर दोन गुणही मिळाले. राग मात्र गेला नाही. ज्या शास्त्राला दुखणारे हात दिसत नाहीत त्याच्याशी आपलं काय देणंघेणं, असं ठरवून मी पुढे भाषेच्या वाटेने गेले.

त्याला आता ३८ वर्षं झाली. ते शून्य मात्र अधूनमधून टोचत राहिलं, आणि गेली काही वर्षं फावल्या वेळात मी त्याचा माग काढत बसते. सर चुकले नव्हते, हे आधीच कबूल करते. पुस्तकात 'कार्य' असा भारदस्त शब्द होता, सर मात्र 'काम' म्हणायचे. त्यांनी कार्यच म्हटलं असतं तर कदाचित मला इतकं लागलं नसतं.

या शब्दाचा उगम शोधायला गेलं की आपण खाणीपाशी पोचतो. खोल खाणींत पाणी साचायचं, ते उपसायला वाफेची इंजिनं आली, आणि कुठलं इंजिन किती कामाचं हे मोजायची गरज पडली. मोजायचं काय, तर किती वजनाचं पाणी किती उंच चढवलं. १०० किलो पाणी १० मीटर वर आणा किंवा १० किलो पाणी १०० मीटर, हिशोब एकच. या गुणाकाराला 'काम' हे नाव रुळवलं गास्पार कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञाने, १८२९ साली. आज त्याचं नाव निघतं ते पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारे वळतात तेव्हा. म्हणजे ही व्याख्या वर, खाणीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाची आहे. त्याला पाणी वर आलं की नाही एवढंच बघायचंय. खाली कोणाचे हात भरून आले हे तो विचारत नाही, कारण तिथे पंप आहे, आणि पंपाचे हात दुखत नाहीत.

माझे दुखले, कारण मी पंपही नव्हते आणि टेबलही. टेबल तोच गठ्ठा वर्षभर धरून ठेवतं, त्याला भूक लागत नाही. स्नायूंना मात्र कडी लावून बसता येत नाही. स्नायूच्या तंतूंमध्ये ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे असतात. मायोसिनची इवली टोकं ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात, आणि दर पकडीमागे एटीपीचा, म्हणजे पेशीतल्या इंधनाचा, एक रेणू खर्च होतो. प्रवाहात नाव आहे त्याच जागी ठेवायची तर सतत वल्ही मारत राहावं लागतं, तसंच हे. काठावरच्याला वाटतं नाव उभी आहे. गठ्ठा एक सेंटिमीटरही वर गेला नाही, पण माझ्या दंडात असंख्य वल्ही चालू होती आणि ती सगळी मेहनत उष्णता होऊन निघून जात होती. तेव्हा काम झालं होतं, पण हाताच्या आत. गठ्ठ्यावर झालं नव्हतं. एवढं एक वाक्य सरांनी जोडलं असतं तर मी आज कदाचित दुसरंच काही लिहीत असते.

त्यात पुन्हा आपल्या हाताची रचनाच तोट्याची. कोपर हा टेकू. दंडाचा पुढचा स्नायू कोपरापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला, आणि तळहातावरचं ओझं तिथून पस्तीसेक सेंटिमीटर दूर. म्हणजे ओझ्याच्या सात-आठ पट जोराने स्नायूला ओढावं लागतं. गठ्ठा समजा चार किलोचा असेल, तर माझे स्नायू तीस किलो पेलण्याइतके ताणलेले होते. पहार किंवा अडकित्ता हाच सौदा उलटा करतात: हात लांब फिरवा, टोकाला जोर मिळवा. शरीराने जोर गमावून काय मिळवलं? वेग. स्नायू एक सेंटिमीटर आखडला की तळहात सात-आठ सेंटिमीटर सरकतो. दगड भिरकावता येतो, पडणारा पेला हवेतच झेलता येतो. धोंडे हलवायला आपण पुढे पहार शोधलीच.

तरफेचा नियम पहिल्यांदा गणिताच्या शिस्तीने मांडला तो आर्किमिडीजने, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात. मला उभं राहायला जागा द्या, मी पृथ्वी हलवून दाखवतो, हे त्याच्या नावावरचं बोलणं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. एकदा मी कागद घेऊन त्याचा पिच्छा पुरवला. पृथ्वीचं वस्तुमान ६ वर २४ शून्यं इतके किलो. आर्किमिडीज धरू ६० किलोचा. वजनं जमिनीवर तोलल्यासारखी धरली, तर पृथ्वी एक सेंटिमीटर उचलायला त्याच्या बाजूचं टोक १ वर २३ शून्यं इतके सेंटिमीटर खाली यायला हवं. प्रकाशवर्षांत मांडलं तर ते साधारण एक लाख प्रकाशवर्षं भरतं. आपल्या आकाशगंगेचा व्यास जवळपास तेवढाच सांगतात! आर्किमिडीज खोटं बोलत नव्हता. दांडा तुटणार नाही असं धरलं तर पृथ्वी हलेलच. फक्त त्या एका सेंटिमीटरसाठी त्याला आकाशगंगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दांड्याला लटकत जावं लागेल.

साध्या यंत्रांबद्दल पुस्तकात 'यांत्रिक फायदा' असा शब्द असतो, म्हणजे यंत्रामुळे आपला जोर किती पट होतो ते. मला तो नेहमीच जरा फसवा वाटत आला आहे. फायदा म्हटलं की काहीतरी फुकट मिळाल्यासारखं वाटतं. निसर्ग रकमेत सूट देत नाही, हप्ते मात्र बांधून देतो.

हे मला वाचून कळलं नाही. एकदा रात्री प्रवासात गाडीचं मागचं चाक बसलं. बरोबर कोणी नाही. डिकीत स्टेपनी, जॅक आणि पाना. चाकाचे नट असे घट्ट, की पान्याला लोंबकळले तरी ढिम्म. मग डिकीतच पडलेला एक लोखंडी पाइप पान्याच्या दांड्यावर चढवला. दांडा दुप्पट झाला आणि नटाने करकरत हार मानली. पुढे जॅकची पाळी. गाडीचा एक कोपरा म्हणजे सहज ३०० किलो, आणि मी दोन बादल्या एकदम उचलताना विचार करणारी बाई. पण हँडल फिरवत गेले आणि गाडी हूं की चूं न करता वर येत गेली. इतकी हळू, की आपण फिरवतोय त्याचा आणि ती वर येतेय त्याचा काही संबंध असेल असं वाटेना.

घरी येऊन साध्या, उभ्या स्क्रूच्या जॅकचा हिशोब मांडला. हँडल २० सेंटिमीटरचं असेल तर एका फेऱ्यात हात सव्वा मीटर फिरतो. दोन आट्यांमधलं अंतर पाच मिलिमीटर धरलं, तर तेवढ्यात गाडी फक्त पाच मिलिमीटर चढते. गुणोत्तर २५०. कागदावर ३०० किलोसाठी सव्वा किलोचा जोर पुरे. मळसूत्र म्हणजे तरी काय, दांड्याभोवती गुंडाळलेला चढच. डोंगरावर सरळ चढण्याऐवजी वळणावळणाचा घाट काढतात, तोच घाट इथे बोटभर लोखंडावर काढलेला.

प्रत्यक्षात मात्र सव्वा किलोवर भागत नाही, दुपटीहून जास्त जोर लागतो, कारण घर्षण आपला वाटा काढून घेतं. ते वाचून मी आधी चरफडले. मग पुढची ओळ वाचली: हँडल सोडलं तरी जो जॅक आपणहून खाली येत नाही, त्याची कार्यक्षमता निम्म्याहून कमी असतेच. गणितच तसं आहे. वर चढवताना अर्ध्याहून जास्त मेहनत जे घर्षण खातं, तेच गाडी धरून ठेवतं. त्या रात्री मी चाकाच्या खोबणीत हात घालून बसले होते तेव्हा माझ्या बोटांच्या आणि ३०० किलोंच्या मध्ये फक्त ती 'चोरी' उभी होती.

हिशोब मांडायची खोड लागली की सुटत नाही. जिन्याचा मांडला. ६० किलोचं माणूस तीन मीटरचा एक मजला चढलं की काम होतं सुमारे १८०० ज्यूल, म्हणजे अर्ध्या किलोकॅलरीपेक्षा कमी. शरीर त्यासाठी आतून चौपट-पाचपट जाळतं, तरी आकडा दोन-अडीच किलोकॅलरीच. धापा टाकत वर पोचल्यावर हा आकडा आठवू नये.

उताराचा उपयोग वर चढण्यासाठी सगळेच करतात. गॅलिलिओने तो पडणं मंद करण्यासाठी केला, आणि मला त्याच्या दुर्बिणीपेक्षाही ही युक्ती जास्त आवडते. सरळ पडणारी वस्तू इतकी झपाट्याने जाते की ती मोजता येईल असं घड्याळच तेव्हा नव्हतं. म्हणून त्याने लाकडी फळीला खाच पाडली, फळी तिरकी ठेवली आणि पितळी गोळी घरंगळत सोडली. वेळ मोजायला एका भांड्यातून बारीक धारेने पडणारं पाणी गोळा करायचं आणि ते पाणी तोलायचं. त्यातून कळलं की दुप्पट वेळात चौपट अंतर, तिप्पट वेळात नऊपट. एकेका समान वेळेतलं अंतर पाहिलं तर १, ३, ५, ७ अशा विषम संख्या ओळीने येतात. हे सगळं छापलं गेलं १६३८ मध्ये. तोवर तो नजरकैदेत होता आणि दृष्टीही गेली होती. ज्याने गुरूचे चार चंद्र १६१० साली पहिल्यांदा पाहिले, तो आपल्या गोळ्यांचा हिशोब छापील स्वरूपात वाचू शकला नाही.

त्या घरंगळण्यात नेमकं काय जमा होतं, यावर पुढे शंभरेक वर्षं विद्वानांमध्ये वाद चालला. कोणी म्हणे वेगाच्या पटीत, कोणी म्हणे वेगाच्या वर्गाच्या. हॉलंडमध्ये विलेम स ग्रावसांडे याने पितळी गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीवर टाकून पाहिले: वेग दुप्पट, तर खड्डा चौपट खोल. एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीने १७४० साली आपल्या ग्रंथात हा पुरावा ठामपणे वर्गाच्या बाजूने मांडला. ताशी ८० वरून ब्रेक दाबला की गाडी ४० च्या चौपट अंतर घेते, ते याच मातीतल्या खड्ड्यामुळे.

पण मी सांगत होते माझ्या शून्याबद्दल.

मध्यंतरी मला सरांविरुद्ध एक बिनतोड मुद्दा सापडल्याचा आनंद झाला होता. विस्थापन शून्य कसं? पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर धावते. त्या दहा मिनिटांत मी, वह्या, फळा आणि हसणारा वर्ग, सगळे १८,००० किलोमीटर पुढे गेलो होतो! शिवाय आमची शाळा सकाळची. सूर्योदयाच्या सुमारास आपला माथा साधारण पृथ्वीच्या प्रवासाच्याच दिशेला असतो. म्हणजे मी गठ्ठ्याला वर ढकलत होते, आणि 'वर' जवळजवळ त्याच दिशेला होतं जिकडे पृथ्वी चालली होती. बल ४० न्यूटन, विस्थापन १८,००० किलोमीटर, काम ७२ कोटी ज्यूलच्या आसपास. जिन्याच्या भाषेत, चार लाख मजले. ३८ वर्षांपूर्वी हे सुचलं असतं तर वर्ग कोणाला हसला असता ते बघितलं असतं.

दोन दिवस मी या आकड्यावर खूश होते. मग लक्षात आलं की खात्याची दुसरी बाजू मी पाहिलीच नव्हती. मी गठ्ठ्याला जेवढ्या जोराने वर रेटत होते, तेवढ्याच जोराने गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढत होतं, आणि १८,००० किलोमीटर तेही आमच्याबरोबरच आलं होतं. ७२ कोटी जमा, ७२ कोटी खर्च. गठ्ठ्याच्या खात्यात शिल्लक शून्य. सूर्यावरून बघा नाहीतर बाकावरून, सरांचं उत्तर टिकलं.

कोण कुठून बघतो यावर हालचाल ठरते, हे आपल्याकडे आर्यभटाने इ.स. ४९९ मध्येच किती सोपं करून ठेवलं होतं. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. फिरतोय आपण. या ओळींपाशी मी दर वेळी थांबते. दाखवायला त्याच्याजवळ एक नाव आणि एक काठ, इतकंच होतं.

शून्याशी माझं खरं मिटलं ते चंद्रामुळे. न्यूटनने विचारलं की चंद्र पडतोय का, आणि उत्तर काढलं: हो, पडतोय. पृथ्वीच्या पृष्ठभागावर सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून तिच्या त्रिज्येच्या ६० पट दूर, म्हणून तिथे ओढ साठाच्या वर्गाने, ३,६०० पटींनी कमी. भागाकार केला की सेकंदाला जेमतेम १.४ मिलिमीटर. तेवढ्यात तो आडवा एक किलोमीटर पुढे सरकलेला असतो, त्यामुळे पडतो पण पोचत नाही. पृथ्वी त्याला केवढ्या बलाने ओढते? २ वर २० शून्यं इतके न्यूटन. आणि कधीपासून? चारशे कोटींहून जास्त वर्षं. एवढ्या जोराने, इतका काळ, अखंड. आणि काम? ओढ पृथ्वीकडे, चाल तिला काटकोनात; बलाच्या दिशेने विस्थापन नाही. शून्य.

हे पहिल्यांदा नीट उमगलं तेव्हा मी गच्चीवर होते आणि मोठ्याने हसले. माझ्या शेजारी वर्गापुढे आणखी कोणीतरी हात पुढे करून उभं होतं.

अर्थात चंद्राची कक्षा नेमकं वर्तुळ नाही. तो कधी ३,६३,००० किलोमीटरपर्यंत जवळ येतो, कधी ४,०५,००० पर्यंत लांब जातो. जवळ येताना पृथ्वी थोडं काम करते आणि त्याचा वेग वाढतो. लांब जाताना तेवढंच परत घेते. पृथ्वी स्वतःही सूर्याभोवती हेच करते. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्यापासून १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर आणि सर्वांत वेगात, जुलैच्या सुरुवातीला १५ कोटी २१ लाखांवर आणि सर्वांत संथ. उन्हाळ्याचा या अंतराशी संबंध नाही, तो पृथ्वीच्या कलत्या आसाशी आहे. फेरा पुरा झाला की जमाखर्च पुन्हा शून्यावर.

आता माझ्यासारखीच्या शेवटी हाती लागलेली गोष्ट. चंद्राच्या बाबतीत ते शून्य अगदी तंतोतंत नाही. चंद्राच्या ओढीने समुद्राला फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती चंद्राच्या फेऱ्यापेक्षा कितीतरी भरभर फिरते, म्हणून तो फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे खेचला जातो आणि तिथून चंद्राला किंचित पुढच्या दिशेला ओढतो. ही ओढ चालीच्या दिशेने आहे, म्हणजे काम होतंय. ऊर्जा जाते पृथ्वीच्या फिरण्यातून: त्यातला बराचसा भाग समुद्राच्या घुसळणीत उष्णता होतो, थोडा चंद्राला मिळतो, आणि दिवस शंभर वर्षांत जवळपास दोन मिलिसेकंदांनी लांबतो. पुढे ओढला गेलेला चंद्र वरच्या कक्षेत चढतो, आणि गंमत म्हणजे तिथे पोचून आधीपेक्षा हळू चालतो. १९६९ च्या जुलैमध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी तिथे खास आरसे ठेवले. पृथ्वीवरून सोडलेला लेसर त्यांवरून परतून अडीच सेकंदांत येतो, आणि त्या वेळेवरून अंतर निघतं. चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटरने लांब जातोय.

मी गुणाकार केला. वह्यांचा गठ्ठा हातावर घेऊन वर्गापुढे उभी होते त्या सकाळपासून आजपर्यंत, ३८ वर्षांत, चंद्र १४४ सेंटिमीटर लांब गेला. इंचांत बदलून पाहिलं, चुकलं की काय म्हणून पुन्हा एकदा भागलं. जवळजवळ चार फूट नऊ इंच.